एक्स्पेक्टेड किती सांगू, ताई?

नोकरीचा ऑनलाईन फॉर्म भरताना बराच वेळ सगळं मजेत चाललेलं असतं, नाव, पत्ता, दहावीचे टक्के (पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर पण यांना दहावीचे टक्के हवेच असतात), आणि मग तो एक चौकोन येतो. एक्स्पेक्टेड सीटीसी, म्हणजे कंपनीने तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करावा अशी तुमची अपेक्षा आहे. पुढे लाल चांदणी, म्हणजे रिकामा सोडायची सोय नाही. 'निगोशिएबल' टाईप करावं तर खाली एरर येतो की फक्त आकडे टाका. मग कोणी शून्य टाकून बघतं, कोणी एक, कोणी नऊ नऊ नऊ नऊ. कधी कधी फॉर्म ते घेतो पण, फक्त पलीकडे बसलेला रिक्रूटर जॉब साईटवर माणसं शोधताना पगाराच्या रेंजचा फिल्टर लावून शोधतो, त्यामुळे शून्यवाला आणि नऊ नऊवाला दोघंही त्याला दिसतच नाहीत.

मी ऐरोलीला पेरोलमध्ये, म्हणजे एका कंपनीच्या पगार काढणाऱ्या विभागात काम करते. त्यामुळे नात्यातल्या आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक नोकरी शोधणाऱ्याला वाटतं की हिला माहीत असणार. आणि असतंच की माहीत. हजारभर माणसांचे पगार दर महिन्याला माझ्या डोळ्यांखालून जातात, एकाच रांगेत बसणारे, एकच काम करणारे, एकाच साहेबाच्या शिव्या खाणारे दोघेजण, आणि एकाला दुसऱ्याच्या दीडपट, असं बघायची आता इतकी सवय झालीय की दचकायला पण होत नाही. पण तोंडाला कुलूप. कोणाचा आकडा कोणाला सांगायचा नाही ही माझ्या नोकरीची पहिली अट, आणि ती बरोबरच आहे, दुसऱ्याच्या पगाराच्या स्लिपा वाटत फिरणं हे माझं काम नाही. तरी मनात येतंच की त्या कमीवाल्याने जॉईन होताना फोनवर एका वाक्यात काय सांगितलं असेल, आणि त्या एका वाक्याची किंमत तो अजून दर महिन्याला भरतोय हे त्याला कळलंय का.

कारण ते वाक्य बहुतेक वेळा फोनवरच बोललं जातं. आमच्या ट्रान्सहार्बर लाईनवर संध्याकाळी ठाण्याकडे येताना असे फोन रोज ऐकू येतात. दिघा गावला फोन येतो, 'हां मॅम, बोलिये', आणि मग ठरलेले चार प्रश्न, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटीस पिरियड, रिझन फॉर चेंज. गंमत अशी की हाच माणूस थोड्या वेळापूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बायकोशी झालेलं भांडण सगळं डब्याला ऐकवत असतो, पण आकडा सांगायची वेळ आली की तोंडावर हात धरतो, दाराकडे सरकतो आणि हळूच इंग्रजीत म्हणतो, 'सेव्हन पॉईंट फाईव्ह'. लाख पण म्हणत नाही. पुढे एक्स्पेक्टेड विचारल्यावर दोन सेकंद गप्प, मग 'थर्टी पर्सेंट हाईक… बट निगोशिएबल'. झालं. ठाणं यायच्या आत पुढच्या दोन-तीन वर्षांचा संसार ठरला.

हे तीस टक्के कुठून आले हे कोणालाच माहीत नाही, पण सगळे तेच सांगतात. आणि त्यात घोळ हा आहे की टक्के कशावर, तर आधीच्या पगारावर. आधीचा पगार कशावर ठरला होता, तर त्याच्या आधीच्या. म्हणजे पहिल्या नोकरीत, कॉलेजातून बाहेर पडल्यावर घाबरत घाबरत जे मिळालं ते घेतलं, तो आकडा आयुष्यभर मागे लागतो. एक पोरगी ३.२ लाखावर लागली, तिच्याच वर्गातली दुसरी ४.५ वर. दोघींनी तीनदा नोकरी बदलली, दर वेळी दोघींना अगदी सारखेच तीस-तीस टक्के मिळाले. पहिली पोचते ७ लाखावर, दुसरी ९.९ वर. सुरुवातीला १ लाख ३० हजारांचा फरक होता तो जवळपास २ लाख ८५ हजारांचा झाला, आणि यात कोणी कोणावर अन्याय केलाय असं कागदावर कुठेच दिसत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जी मुलं पास झाली आणि मिळेल त्या पगारावर चिकटली, त्यांचं हेच झालेलं मी बघतेय.

कळव्याला माझा मावसभाऊ आहे, सपोर्टमध्ये, त्यातलाच. मागे त्याचा मेसेज आला, ताई एक्स्पेक्टेड किती टाकू, आणि लगेच दुसरा, करंट थोडं वाढवून सांगितलं तर चालेल का. मी म्हटलं फोन कर. करंट वाढवून सांगायची आयडिया सगळ्यांना येते, त्यात त्याचा दोष नाही, पण बाबा रे, पकडला जाशील. ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म १६ मागतात, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट मागतात, आणि एवढं करून तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर आहेच, पीएफ किती भरला गेला त्यावरून पगाराचा अंदाज कोणीही शेंबडं पोर लावेल. जॉईन झाल्यावर तीन-चार महिन्यांनी व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला आणि माणसाला त्याच दिवशी लॅपटॉप ठेवून जायला सांगितलं, असं प्रत्यक्षात होतं. तेव्हा करंट खरं सांग. फक्त खरं सांगताना पूर्ण सांग, म्हणजे दर महिन्याचं फिक्स्ड किती, कामगिरीवर मिळणारं व्हेरिएबल किती, येत्या एप्रिलमध्ये वाढ होणार असेल तर ती धरून किती, रात्रपाळीचा भत्ता किती. हे सगळं खरंच असतं आणि नव्वद टक्के लोक सांगायला विसरतात.

मग त्याने विचारलं, आणि त्यांनी आधी त्यांचं बजेट सांगायला नको का? बरोबर विचारलं. प्रत्येक पोस्टला बजेट असतं, वरून मंजूर झालेलं असतं, रिक्रूटरच्या समोर एक्सेलमध्ये उघडं असतं. तरी विचारणार ते तुलाच.

आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी व्हायची तेव्हा दोन्हीकडची माणसं 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत चहा गार करायची, आकडा पहिला कोणी काढायचाच नाही, शेवटी मधला कोणीतरी मामा घसा खाकरून सुरुवात करून द्यायचा. नोकरीच्या बोलण्यात तो मामा नाहीये. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीतली मुलगी मामा वाटते, पण तिला पैसे कंपनी देते, बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या सीटीसीच्या ८.३३ टक्के म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तुझा पगार वाढला तर तिचं कमिशन पण वाढतं, हे खरं, पण पन्नास हजारांनी वाढला तर तिला चार हजार जास्त, आणि त्या भानगडीत तू हातचा गेलास तर सगळंच गेलं. त्यामुळे तिला तुझा आकडा लवकर हवा असतो, मोठा नको असतो. वाईट नसतात त्या मुली, टार्गेट असतं त्यांना.

'पहिला आकडा कधीच सांगायचा नाही' हा सल्ला हल्ली प्रत्येक रीलमध्ये मिळतो. मला तो अर्धाच पटतो. काहनेमान आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचे, ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचे की युनोमध्ये आफ्रिकन देश किती टक्के असतील. ज्यांच्यासमोर १० आलं त्यांचं मधलं उत्तर २५, ज्यांना ६५ दिसलं त्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध, काही नाही, पण एकदा आकडा कानावर पडला की डोकं त्याच्याच आजूबाजूला घुटमळतं. म्हणजे पहिला आकडा टाकणाऱ्याचा फायदा पण होऊ शकतो की! फक्त त्याला बाजार माहीत पाहिजे. ज्याला या कामाला नवी मुंबईत काय देतात ते पक्कं ठाऊक आहे त्याने खुशाल आधी बोलावं आणि आकडा चढा सांगावा. ज्याला ठाऊक नाही त्याने गप्प राहावं, 'मॅम, या पोझिशनची रेंज काय आहे' असं विचारावं, आणि बऱ्याचदा ती सांगते पण, कारण तिला पण वेळ घालवायचा नसतो. अगदीच गळ्याशी आलं तर रेंज सांगावी, आठ ते दहा वगैरे, पण हे लक्षात ठेवून की समोरच्याला त्यातलं फक्त आठ ऐकू येतं. म्हणून आठच असा असावा की ज्यावर तू खरंच हसत जॉईन होशील.

तर सगळं येऊन अडतं ते ठाऊक असण्यावर. आणि आपल्याला ठाऊक का नसतं, तर कोणी कोणाला सांगत नाही. बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये हे आपल्या घरात पाटी लावल्यासारखं शिकवतात. कॉलेजचे मित्र, दर पावसाळ्यात एकत्र ट्रेकला जाणार, कोणाला कुठली गोळी चालू आहे ते पण माहीत, पण पगार? 'बरं चाललंय.' ऑफर लेटरमध्ये पण एक ओळ असतेच की तुमचं वेतन गोपनीय आहे, कोणाशी चर्चा करू नये. आता या गुप्ततेत कर्मचाऱ्याचं काय भलं होतं ते मला इतकी वर्षं पगार करून पण समजलेलं नाही. कंपनीकडे माझ्यासारखी बाई आहे, सगळ्यांचे आकडे एका शीटमध्ये असलेली. कंपन्या वर पैसे मोजून पगाराचे मार्केट सर्व्हे पण विकत घेतात. फोनच्या या टोकाला असलेल्याकडे काय आहे, तर चुलत भावाच्या मित्राला म्हणे बारा मिळाले.

अमेरिकेत यावर कायदे झालेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला बंदी आहे, आणि २०२३ पासून पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना जाहिरातीतच पगाराची रेंज लिहावी लागते. न्यूयॉर्क शहरात पण नोव्हेंबर २०२२ पासून रेंज लिहायची सक्ती आहे. युरोपियन युनियनने २०२३ साली तसाच नियम केला आणि देशांना आपापले कायदे करायला ७ जून २०२६ पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे असं काही नाही. मग होतं काय, एकाच कंपनीची एकाच कामाची जाहिरात, कॅलिफोर्नियातल्या ऑफिसची उघडली तर त्यात डॉलरमध्ये एवढे ते एवढे असं छापलेलं, आणि ऐरोलीतली उघडली तर 'इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे', आणि खाली करंट सीटीसीची लाल चांदणी. माणूस तोच, सॉफ्टवेअर तेच, एचआरची ट्रेनिंग पण तीच, फक्त कायदा नाही.

माझ्या बाबांना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नाही. ते वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीत होते. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, आता तिथे आयटी पार्कच्या काचा आणि टॉवर दिसतात पण तेव्हा सकाळी भोंगे वाजायचे आणि किसन नगरपासून सायकलींची रांग लागायची. बाबांचा पगार गल्लीत सगळ्यांना माहीत होता. कारण तो बाबांचा नव्हताच, तो ग्रेडचा होता. युनियन आणि मॅनेजमेंटचा करार व्हायचा, साधारण तीन वर्षांचा, बेसिकमध्ये किती वाढले, डीए म्हणजे महागाई भत्ता निर्देशांकाच्या किती पॉईंटला किती पैसे, घरभाडं किती, हे सगळं सायक्लोस्टाईल केलेल्या कागदावर गेटवर लागायचं. करार लांबला की मागचे एरिअर्स एकदम यायचे, आमच्याकडचा पहिला फ्रीज एरिअर्सचा, शेजाऱ्यांचा पण त्याच आठवड्यात, एकाच दुकानातून. सरकारी नोकरीत हे अजून तसंच आहे, केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाचा तक्ता कोणीही उघडून बघावा, लेव्हल १ ला मूळ पगार १८,००० आणि लेव्हल १० ला ५६,१००, मुलाखतीला गेलेल्याला तिथे कोणी एक्स्पेक्टेड विचारत नाही.

म्हणून या विषयात बाबांना काही विचारावं असं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा जमाना वेगळा, आपला वेगळा.

मग आमच्या शेजारच्या वहिनींचं प्रकरण आलं. वहिनी अकाउंट्सवाल्या, बीकॉम, जनरल लेजरचं (जीएल, कंपनीच्या हिशोबाची मुख्य वही) काम अगदी स्वच्छ. मुलगा झाला तेव्हा नोकरी सोडली, आता तो पहिलीत, तर सहा वर्षांनी परत सुरुवात करायची होती. महापेला एका ठिकाणी इंटरव्ह्यू चांगला झाला, काम जमतंय हे त्यांना पण कळलं. मग एचआरचा फोन. करंट किती? आता करंट काय सांगणार, शून्य. मग लास्ट ड्रॉन, म्हणजे शेवटचा घेतलेला पगार किती, ४.२ लाख. एचआर म्हणाली, मॅम गॅप आहे ना, तर आम्ही लास्ट ड्रॉनवर वीस टक्के देऊ शकतो, ५.०४, तुमची एक्स्पेक्टेशन काय आहे ते उद्यापर्यंत कळवा. आणि वहिनी खूश! कोणीतरी परत घेतंय याचाच आनंद. संध्याकाळी आमच्याकडे आल्या, म्हणाल्या, मी मिळेल ते चालेल असं सांगून टाकते, उगीच हातचं जायला नको.

बाबा पेपर वाचत होते. वाचत होते म्हणजे ऐकत होते. म्हणाले, सहा वर्षांपूर्वी चार-वीस होते ना, मग महागाई धर. मी मोबाईलवर केलं, वर्षाला ५ टक्के धरली, फार नाही, तरी सहा वर्षांत ४.२ चे ५.६३ होतात. बाबांनी चष्मा काढला. 'म्हणजे वाढ सोड, ते नुसता डीए पण देत नाहीयेत.'

मी इतकी वर्षं पगार करतेय पण हे असं मला सुचलं नव्हतं.

मग ते सुरूच झाले. करारात मागणीपत्र कसं करायचे ते सांगायला लागले. आधी युनियनची माणसं रोड नंबर १६ पासून २२ पर्यंत फिरायची, शेजारच्या कंपन्यांच्या युनियनकडून त्यांच्या ताज्या कराराच्या कॉप्या आणायची, सारखंच काम, सारखाच भाग, मग तिथे काय देतात बघू. कोर्टात प्रकरण गेलं तरी हेच बघतात म्हणाले, त्याच भागातल्या, त्याच धंद्यातल्या कंपन्या काय देतात. (हे खरंय, औद्योगिक न्यायालयं वेतन ठरवताना भाग आणि उद्योग या दोन्हीची तुलना करत आलीत.) कॉप्या जमल्या की मग आकडा ठरायचा, आणि तो मागणीपत्रात थोडा चढा लिहायचा, कारण मॅनेजमेंट कापणारच, कापायला जागा ठेवली नाही तर त्यांच्या माणसाने वर जाऊन काय दाखवायचं? आणि शेवटी किती कमीवर थांबायचं ते कमिटीत आधीच ठरलेलं असायचं, आणि ते बाहेर फुटता कामा नये.

मला हसायला आलं. रीलवाले जे दोन मिनिटांत विकतात ते सगळं बाबांना पाठ, फक्त त्यांनी ते एकट्याने कधी केलं नव्हतं. पाचशे माणसांच्या वतीने कोणीतरी बोलणी करायचं, आणि बोलणी करणारा स्वतःसाठी मागत नव्हता म्हणून त्याला लाज पण वाटत नव्हती. वहिनींना ती लाजच नडत होती.

तर आता शेजारच्या कंपनीचा करार आणायचा कुठून? माझ्या शीटमध्ये अकाउंट्सवाले आहेत, ढिगाने आहेत, पण ते मी सांगणार नाही हे वहिनींना पण माहीत, त्यांनी विचारलं पण नाही. त्यांनी जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, जीएलमध्ये आठ वर्षांच्या अनुभवाला हल्ली नवी मुंबईत काय रेंज आहे, कोणी सांगेल का. ग्रुपवर शांतता. वाढदिवसाला पस्तीस केक टाकणारा ग्रुप, एक अंगठा पण नाही. आणि मग रात्री जेवणं झाल्यावर एक एक करून पर्सनलवर यायला लागले. एकीचा, माझं ७.४ आहे पण प्लीज ग्रुपवर बोलू नको. एकाचा, मी ८ वर आहे, टीम बघतो म्हणून, नुसतं काम असेल तर सहा-साडेसहापासून. तिसरीचा, मला ५.८ देतात, का गं, कमी आहे का? त्या तिसरीचं वहिनींना खूप वाईट वाटलं, पण बघा ना, त्या मेसेजमुळे दोघींना कळलं, एकीला घ्यायच्या आधी आणि एकीला घेतल्यानंतर.

मग सीटीसीचं गणित मांडायला बसलो, आणि इथे मी कामाला आले. लोक दहा लाखाला बाराने भागतात आणि ८३ हजार डोळ्यासमोर आणून घराचा हप्ता ठरवतात. तसं नसतं हो. दहा लाख सीटीसी, त्यात बेसिक अर्धं धरा, पाच लाख. त्याच्या १२ टक्के कंपनीचा पीएफ, ६० हजार, तो सीटीसीतूनच जातो. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २४ हजार, ती पण सीटीसीत दाखवतात, आणि ती नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षं टिकलात तरच हातात येते. व्हेरिएबल एक लाख, ते वर्षाच्या शेवटी, मिळालं तर. मेडिक्लेमचा प्रीमियम बारा हजार. उरले ८ लाख ४ हजार, महिन्याला ६७. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ पाच हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, आणि दर फेब्रुवारीत मला कोणीतरी फोन करून भांडतं की शंभर रुपये जास्त का कापले), हातात राहिले ६१,८०० च्या आसपास. आणि हे इन्कम टॅक्स शून्य धरून, कारण २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्स नाही. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापतात, महिना १,८०० रुपये, तिथे हातात जास्त येतात आणि म्हातारपणी कमी. म्हणून दोन ऑफर समोर असल्या तर सीटीसी शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही, फिक्स्ड किती ते विचारायचं आणि ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती याची फोड, मेलवर मागायचा. न देणाऱ्या कंपनीबद्दल माझं मत वाईटच आहे.

बाबा मधेच म्हणाले, बेसिक किती? हल्लीची पोरं बेसिक विचारतच नाहीत. तेही बरोबर, पीएफ त्यावर, ग्रॅच्युइटी त्यावर. पूर्वी कंपन्या बेसिक मुद्दाम तीस-पस्तीस टक्क्यांवर ठेवायच्या आणि बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये ढकलायच्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले, त्यात भत्ते पन्नास टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे, त्यामुळे आमच्या डिपार्टमेंटला उशिरापर्यंत बसावं लागलं, पण ते असो.

शिवाय येणंजाणं. महापेला ठाण्याहून ट्रेन, मग रिक्षा किंवा बस, मुलाला शाळेतून आणायला चार ते सात कोणीतरी ठेवावं लागणार, तिचे महिन्याचे सहा-सात हजार. वहिनी म्हणाल्या हे एचआरला कसं सांगू, बरं दिसत नाही. सांगायचं नाहीच, म्हटलं, एचआरला तुमच्या घरखर्चाशी काही देणंघेणं नाही आणि नसावं पण, कामाची किंमत कामावर ठरते. हे फक्त आपलं आपल्याला माहीत पाहिजे, किती कमीवर थांबायचं ते ठरवायला.

आणि गॅपवर काय बोलायचं? यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. वहिनींचं सारखं तोंडात यायचं, 'मला माहितेय माझा गॅप आहे पण'. बाबांनी त्यांना ते वाक्यच बोलू दिलं नाही, परत परत म्हणायला लावलं, घरात नुसती तालीम चाललेली. शेवटी ठरलं ते असं, की माझा शेवटचा पगार २०१९ चा आहे, तो आज लागू पडत नाही, या कामाला आज इथे साडेसहा ते साडेसात आहे, आणि माझा इंटरव्ह्यू तुमच्या मॅनेजरने त्या कामासाठीच घेतलाय. एवढंच. आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं फार अवघड असतं, समोरून दोन सेकंद आवाज आला नाही की आपण स्वतःच आपला आकडा खाली आणतो, 'पण थोडं कमी पण चालेल'. तेवढे दोन सेकंद काढायला वहिनींनी पाण्याचा ग्लास जवळ ठेवायचा ठरवलं, आकडा सांगितला की लगेच घोट.

दुसऱ्या दिवशी फोन आमच्याच हॉलमधून झाला. साडेसात सांगितलं, पाणी प्यायल्या. एचआर म्हणाली बजेट नाही, मी विचारून सांगते. अर्ध्या तासाने परत फोन, सहा देऊ. वहिनींनी फिक्स्ड का सीटीसी विचारलं, तर ते सीटीसी होतं. मग त्यांनी मेलवर ब्रेकअप मागितला, आणि मेल आला तोवर संध्याकाळ झाली होती आणि आकडा आपोआप थोडा सरकला होता. ६.६ फिक्स्ड, व्हेरिएबल वेगळं दहा टक्के, बेसिक निम्मं. आमचं थांबायचं ठरलं होतं त्याच्या वीस हजार वर.

वहिनींनी हो म्हणून टाकलं. बाबांचं म्हणणं, अजून एक बैठक ताणायला हवी होती, पहिल्या दिवशी कोणी सही करतं का. त्या ५.८ वाल्या मैत्रिणीला वहिनींनी रात्रीच सगळं कळवलं, ब्रेकअपसकट, आणि तिचा अप्रेझल मार्चमध्ये आहे तर आता ती रविवारी बाबांना भेटायला येणार आहे.